रंगवलेले, वाजवलेले, हरवलेले

उचगावच्या पुलापाशी आता सगळे फ्लेक्स. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली. सगळ्यांचा निळा एकच, पिवळा एकच. हाताने रंगवलेली पाटी शोधावी लागते. ज्या कोल्हापूरच्या चिताऱ्यांनी मराठी सिनेमा उभा केला, ते शहर इथून हाकेवर आहे. त्यांच्या हातचे काय काय गेले, ते टिपून ठेवतो आहे.

पडदे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडे, अरण्ये, रस्ते. लोक त्यांना पेंटरच म्हणू लागले. गायक-नट केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीसाठी त्यांनी काम केले. गुंडाळायचे, गाडीत टाकायचे, दुसऱ्या गावी उलगडायचे. असे कापड किती वर्षे टिकणार?

नाट्यगृह. पॅलेस थिएटर, १९१५. पुढे त्याला केशवरावांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

कॅमेरा. आनंदरावांनी घडवायला घेतला आणि १९१६ मध्ये ते गेले. बाबूरावांनी तो पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला. एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर मूक सिनेमा उभा राहिला, हे कोल्हापूरने अधिक अभिमानाने सांगायला हवे. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. आज ‘सैरंध्री’ पाहायला मिळत नाही.

वाजवणारे. माझ्या यादीत सर्वात मोठी पोकळी यांची. मूक सिनेमा कधीच मुका नव्हता. पडद्यासमोर पेटी, तबला, कुठे सारंगी किंवा व्हायोलिन घेऊन माणसे बसत. समोर युद्ध आले की लय चढवायची, राणी रडू लागली की आवाज खाली आणायचा. रोज रात्री नवे संगीत रचले जाई आणि खेळ संपला की तेही संपे. ना स्वरलिपी, ना ध्वनिमुद्रण, ना श्रेयनामावलीत नाव. मी यांना संगीतकारच म्हणतो. इटलीत १९६०–७० च्या दशकांत अनेक संगीतकार असेच आडोशाला राहून लिहीत. कुठल्याही ठरावीक चित्रपटासाठी नाही. रेडिओ, दूरचित्रवाणी, माहितीपट यांना लागेल तेव्हा वापरता यावे म्हणून. ऐकणाऱ्याला नाव कळत नसे, पण निदान तबकड्या तरी उरल्या. आपल्या पेटीवाल्यांचे तेवढेही नाही.

रुस्सोलोचे वाद्य. हे कोल्हापूरचे नाही, पण तेही एका चिताऱ्याचे आणि हरवलेलेच. लुईजी रुस्सोलो, इटालियन चित्रकार. १९१३ मध्ये कुंचला बाजूला ठेवून त्याने आवाजांच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. गडगडणारी, घरघरणारी, शिट्ट्या मारणारी यंत्रे लाकडी खोक्यांत बांधली. पुढे हार्मोनियमसारखे पट्ट्यांचे एक वाद्य केले आणि पॅरिसमध्ये मूकपटांना साथ दिली. कोल्हापूरसारखीच तिथेही पडद्यासमोर एक पेटी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची मूळ यंत्रे उरली नाहीत. रुस्सोलो अखेरच्या वर्षांत पुन्हा चित्रांकडे वळला.

दामलेमामांचा कान. विष्णुपंत दामले मूळचे पेणचे, बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. रंग, नेपथ्य, कॅमेरा सगळे केले. १ जून १९२९ ला फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी या चिताऱ्याने घेतली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंब्यांचे संगीत होते. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे गात आणि वाजवणारे चौकटीबाहेर लपून साथ करत. कुठला आवाज पुढे, कुठला मागे, हे दामल्यांनी चित्रातल्या छायाप्रकाशासारखे सांभाळले असणार, असे मला तो बोलपट ऐकताना दर वेळी वाटते. दामले आणि फत्तेलाल या दोन चित्रकारांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये इटलीतच, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. संगीत केशवराव भोळ्यांचे. या जोडीतल्या एकाने मराठी बोलपटाचा आवाज घडवला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्रभातचे मूकपट. बहुतेक गेले. कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली.

जयप्रभा स्टुडिओ. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत पेटला, पुन्हा उभा राहिला. आता तिथे चित्रीकरणाची हाक ऐकू येत नाही.

उचगाव, गांधीनगर, वळिवडे, कोल्हापूरच्या पेठा, इथल्या कुणाच्या माळ्यावर सिनेमाची जुनी छापील पुस्तिका असेल, पडद्याचा तुकडा असेल, थिएटरात पेटी वाजवणाऱ्या आजोबांचा फोटो असेल. त्याच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि आठवेल ते साल आजच लिहा. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तिथे एकदा विचारा.