जहाज एकच दिवस थांबते, तेव्हा...

बीरगांवहून समुद्र गाठायचा म्हणजे आधी दिशा ठरवावी लागते. पूर्वेला पुरी, आग्नेयेला विशाखापट्टणम आणि पश्चिमेला अकराशे किलोमीटरवरची मुंबई. कुठेही जायचे तरी निदान एक रात्र गाडीत काढावी लागतेच. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यालगतच्या या गावात उरला-सिलतराच्या कारखान्यांचे भोंगे ऐकून दिवस उजाडतो. भट्टीच्या धगीशी इथल्या माणसाची ओळख जुनी, खाऱ्या वाऱ्याशी मात्र नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. रायपूरच्या चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ त्यांना एकत्र आणते. या घरांतून हल्ली एक नवा बेत ऐकू येतो, तो म्हणजे जहाजाने लक्षद्वीपला जाण्याचा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथल्या किनाऱ्यावरची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि आजवर शाळेच्या नकाशात ठिपक्यांसारखी दिसणारी ही बेटे घरोघरी चर्चेत आली. त्याआधी, २०२१ साली, कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने मुंबईहून पर्यटकांना घेऊन फेऱ्या सुरू केल्या होत्या. कोचीहून सरकारी जहाजाने नेणारी ‘समुद्रम्’ नावाची सहल तर त्याहून जुनी आहे.

या सहलींचे गणित सारखेच असते. रात्री जहाजात झोपायचे, सकाळी बेटावर उतरायचे आणि संध्याकाळी परत जहाजावर यायचे. म्हणजे बेट वाट्याला येते ते फक्त एका दिवसापुरते. बेत आखताना सगळ्यात जास्त चर्चा होते ती तिकिटाची आणि केबिनची. बेटावर उतरल्यावर नेमके कुठे जायचे, हा प्रश्न मात्र आयत्या वेळेवर सोडला जातो. वर्षभराची बचत घालून, म्हाताऱ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवायला निघालेल्या घराने तो असा सोडू नये.

आधी तास मोजा

समजा, माहितीपत्रकात लिहिले आहे : बेटावर मुक्काम सकाळी नऊ ते दुपारी चार. वाचताना सात तास वाटतात. पण मोठे जहाज प्रत्येक बेटाच्या धक्क्याला लागतेच असे नाही. पुष्कळदा ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. शेकडो माणसे उतरायची असली की आपला क्रमांक लागेपर्यंत तासभर सहज जातो. परतीची शेवटची बोट चुकायला नको म्हणून तासभर आधी धक्क्यावर यावे लागते. जेवणाला एक तास धरा. उरले चार तास.

या चार तासांत तीन ठिकाणे बघू म्हणणाऱ्याला रिक्षाची सीट तेवढी नीट बघायला मिळते. म्हणून पहिला नियम असा : एका दिवसात एकच किनारा, आणि तोही धक्क्यापासून जवळचा.

अंदमानचे उदाहरण बोलके आहे. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील राधानगर किनारा जगप्रसिद्ध आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते. पण तो धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे आणि त्याची खरी शोभा सूर्यास्ताची. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने परतणाऱ्याला तो सूर्यास्त दिसायचा कसा? याउलट शहीद द्वीपावरचा, म्हणजे नील बेटावरचा, भरतपूर किनारा धक्क्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि तिथले पाणी उथळ आहे. मुक्कामाला जाणाऱ्याने राधानगर निवडावा. दिवसाच्या पाहुण्याला भरतपूर बरा.

पश्चिमेला पोहा, पूर्वेला पाहा

लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची आहेत. समुद्रात बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यावर सूक्ष्म जीवांनी हजारो वर्षे चुनखडीची कडी रचली. त्या कड्यावर साठलेली पांढरी वाळू म्हणजे ही बेटे. वस्ती दहाच बेटांवर आहे आणि सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर.

प्रवाळाच्या कड्याच्या आत अडलेल्या उथळ पाण्याला ‘लगून’ म्हणतात. बाहेरची लाट कड्यावर फुटते आणि आतले पाणी गावतळ्यासारखे निवांत राहते. तळाची पांढरी वाळू वर दिसते म्हणून त्याला तो फिकट निळा-हिरवा रंग येतो. बहुतेक बेटांवर ही लगून पश्चिमेच्या अंगाला आहे. पूर्वेला जमीन संपली की थोड्याच अंतरावर खोल समुद्र सुरू होतो आणि किनारा खडबडीत, पायाला बोचणारा असतो.

पोहता न येणाऱ्या कुटुंबासाठी एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे : पाण्यात उतरायचे ते पश्चिमेला. पूर्वेला जायचे ते लाटा बघायला, तेही कोरड्या पायांनी. लगूनमध्येसुद्धा कमरेइतक्या पाण्यापलीकडे मुलांना जाऊ देऊ नये, कारण कड्यातल्या फटींतून पाणी बाहेर ओढले जाते. खारून नदीत पोहायला शिकलेल्या माणसालाही ही ओढ अनोळखी असते.

चार बेटे, चार स्वभाव

कवरत्ती ही १९६४ पासून लक्षद्वीपची राजधानी. कचेऱ्या, दुकाने, इस्पितळ सगळे जवळपास आहे. लगून शांत आहे आणि काचेच्या तळाच्या बोटीत बसून पाय ओले न करता प्रवाळ आणि मासे पाहता येतात. उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छत पाहण्यासारखे आहे. साठी-सत्तरीची माणसे, रक्तदाब-मधुमेहवाले किंवा अगदी लहान मूल बरोबर असेल, तर कवरत्ती निवडावे.

कल्पेनी मुलांचे बेट. लगून ऐसपैस आहे आणि तिच्यात तिलाक्कम, पिट्टी अशी छोटी निर्जन बेटे दिसतात. कूमेल येथे पर्यटकांसाठी झोपड्या आणि कपडे बदलायच्या खोल्या आहेत, त्यामुळे सुनांची आणि लेकींची कुचंबणा होत नाही. याच बेटाच्या पूर्व आणि आग्नेय काठावर प्रवाळाच्या दगडांचा प्रचंड बांध आहे. १८४७ सालच्या भयंकर वादळाने तो रचला. पश्चिमेच्या शांत पाण्यात मुले डुंबवून झाली की त्यांना हा बांध जरूर दाखवा. समुद्राची दोन्ही रूपे एकाच दिवसात कळतात.

मिनिकॉय अगदी दक्षिणेला, मालदीवच्या शेजारी. इथली भाषा मल्याळम नाही, तर महल. गावांना ‘अवाह’ म्हणतात आणि त्यांचा कारभार त्यांच्या जुन्या रीतीने चालतो. टूना मासा जाळ्याने न धरता गळाने एकेक करून धरण्यात इथले कोळी वाकबगार आहेत. १८८५ साली बांधलेले दीपगृह अजून उभे आहे. चालण्याची आवड असलेल्या, माणसे आणि गावे बघण्यात रमणाऱ्या जोडप्याला मिनिकॉय आवडेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला मात्र दीपगृहाचा जिना खालूनच पाहावा लागेल.

अगत्ती म्हणजे विमानतळाचे बेट. लांबच लांब आणि अरुंद, इतके की एका ठिकाणाहून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. इथून बोटीने बंगारम आणि तिन्नकरा या बेटांवर जाता येते. जहाज अगत्तीला थांबणार असेल तर पुढच्या बेटाचा मोह पडतो. पण तो आणखी एक बोटप्रवास, जाताना एकदा आणि येताना एकदा. वर मोजलेल्या चार तासांत तो बसतो का, हे आधी पाहा. बसत नसेल तर अगत्तीचीच लगून काय वाईट आहे?

प्रत्येक सहलीत चारही बेटे असत नाहीत. ‘समुद्रम्’ची आखणी कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या तिघांची आहे. खासगी जहाजे मोसमाप्रमाणे थांबा ठरवतात. नोंदणीपूर्वी विचारायचे प्रश्न तीन : जहाज नेमके कोणत्या बेटावर थांबणार? धक्क्याला लागणार की लहान बोटीने उतरवणार? समुद्र खवळलेला असल्यास पर्यायी बेत काय? तिसऱ्याचे उत्तर लेखी घ्यावे.

लहान बोटीची पायरी

कोकणातल्या जुन्या माणसांना हा प्रकार नवा नाही. मुंबई-गोवा आगबोटीच्या काळात बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि हर्णै, देवगडसारख्या बंदरांत उतारू पडावातून काठावर यायचे. बोचकी, पोरे आणि नव्या नवऱ्या अशाच खाली उतरवल्या जात. पण ज्याने आयुष्यात नावही पाहिली नाही, त्याला डुलत्या जहाजावरून डुलत्या बोटीत पाय टाकणे सोपे नाही. आधार देणारा खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाकावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. पिशवी खांद्याला, चप्पल पट्ट्याची. आईला साडीच नेसायची असेल तर ती घोट्याच्या वर खोचून. ज्यांना खरोखरच जमणार नाही त्यांनी जहाजावर थांबण्यात कमीपणा मानू नये. मात्र त्यांच्यासोबत घरातले एक माणूस थांबेल, हे निघण्यापूर्वी ठरवा. ते कोण, यावरून धक्क्यावर वाद नको.

आणि जीवरक्षक जाकीट. ते उकडते, फोटोत वाईट दिसते, म्हणून काढून मांडीवर ठेवणारे बरेच असतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. दोन्ही प्रवास तासा-दीड तासाचेच होते. बोटीत बसल्यापासून वाळूवर पाय टेकेपर्यंत जाकीट अंगावरच हवे. मुलांना त्यांच्या मापाचे मिळाले नाही, तर बोटीत चढण्याआधी मागून घ्यावे.

पाहुण्यासारखे वागा

लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. सहल घडवणारी संस्था तो काढून देते, पण कागदपत्रे आणि छायाचित्रे वेळेत द्यावी लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ धरावा. बेटांवरची वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान आहे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते ठेवावेत आणि गावातून फिरताना अंगभर कपडे घालावेत. बंगारम सोडता बेटांवर दारूबंदी आहे, याचा कित्येक घरांना आनंदच होईल.

गोड्या पाण्याची मात्र तिथे खरी टंचाई आहे. नदी नाही, ओढा नाही. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते, तीच विहीर. कवरत्तीला २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. तेव्हा समुद्रस्नानानंतर नळाखाली अर्धा तास उभे राहणारा पाहुणा नेमके कोणाचे पाणी वापरतो, हे मुलांना समजावून सांगावे. पिण्याचे पाणी जहाजावरूनच भरून न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. त्या टाकायला बेटावर जागा नाही.

प्रवाळावर पाय देऊ नये. ते दगडासारखे दिसते, पण जिवंत असते. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली इथले प्रवाळ पांढरे पडले. लाटा अडवणारा हा कडाच झिजला तर आतली लगून आणि तिच्या काठचे गाव दोन्ही उघडे पडेल. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आठवण म्हणून नारळ-गुळाची मिठाई घ्यावी. ती कोचीहून रायपूरपर्यंतच्या गाडीत टिकते आणि शेजाऱ्यांना वाटताही येते.

राहिला प्रश्न आईचा. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला फार काही दाखवावे लागत नाही. माडाच्या सावलीत एक खुर्ची, पायांशी उथळ पाणी, डोक्याला ओले फडके आणि जवळ घरातले एक माणूस एवढे पुरते. नोंदणी करताना माहितीपत्रकातल्या पोहोण्याच्या, डुबकीच्या आणि वेगवान बोटींच्या यादीकडे नंतर बघा. आधी विचारा, तिथे सावली आहे का, बसायला जागा आहे का, आणि स्वच्छतागृह किती पावलांवर आहे. याची उत्तरे ज्या किनाऱ्याबद्दल समाधानकारक मिळतील, त्या किनाऱ्यावर उतरा.