दोन क्षणांचा उजेड

बटण दाबले की तो पडदा उजळे. त्यावरील अक्षरे वाचू लागावे, एवढ्यात सारे काळोखात बुडून जाई. कडेचा चिमुकला हिरवा दिवा मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात तेवत राही. संगणकाचा तो मॉनिटर २००६ साली घेतलेला. त्याचे आयुष्य सरले, असे घरातील सर्वांनी ठरवून टाकले होते. रविवारी भंगारवाल्याची हाक आली की त्याची रवानगी व्हायची होती. मामांना तेवढे मान्य नव्हते.

मामांच्या दुरुस्त्यांची घरात थोडी थट्टाच होत असे. त्यांनी एकदा भिंतीवरचे घड्याळ उघडले होते. ते पुन्हा चालू झाले हे खरे. परंतु दोन स्क्रू उरले, आणि ते आजही एका डबीत आहेत. अशा माणसाने हट्टास पेटावे, यात नवल ते काय! गुरुवारी रात्री ते मॉनिटरसमोर बसले. त्यांची बारा वर्षांची भाची मदतीला, म्हणजे मुख्यतः पाहायला, येऊन बसली.

पडदा काळा पडला म्हणजे चित्र नाहीसे झाले, असे कोणालाही वाटेल. मामांनी खोलीतील दिवे मालवले, मॉनिटर चालू केला आणि तो काळा होताच विजेरीचा झोत तिरपा धरून पडद्याजवळ नेला. भाची वाकून पाहू लागली. डोहाच्या तळाशी खडे दिसावेत, तशी अक्षरे त्या काळोखात अंधुक दिसत होती! चित्र जागच्या जागी होते. ते दाखवणारा उजेड तेवढा गेला होता.

अशा पडद्यातील द्रवस्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. तेथे पडद्यामागे दिवा असतो, म्हणून बाहुल्या दिसतात. तो विझला, तर बाहुल्या कितीही नाचोत, समोर बसलेल्यांना काय दिसणार? मामांच्या मॉनिटरमध्ये त्या दिव्याचे काम पेन्सिलीहून बारीक अशा चार नळ्या करीत होत्या. नंतरच्या मॉनिटरांत त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली.

"पण मामा, दिवे गेलेत तर ते दोन क्षण तरी का लागतात?" भाचीने विचारले.

मामांनी उत्तर दिले नाही. मॉनिटरचा प्लग काढून ते झोपायला गेले. यात आळस नव्हता. घरातील वीज २३० व्होल्टची; ती आतल्या एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टने साठते आणि प्लग काढल्यावरही कधीकधी तशीच राहते. शुक्रवारी सकाळी त्यांनी मागचे झाकण उघडले, मीटर लावून साठा उरला नसल्याची खात्री केली आणि मगच आत बोट घातले. भाचीला हात लावण्याची परवानगी नव्हती. डोळे लावण्याची होती.

तिच्या डोळ्यांनीच दोष टिपला. हिरव्या पाटीवर लहानलहान डब्यांसारखे कॅपॅसिटर ओळीने उभे होते. बाकीच्यांचे माथे सपाट. तिघांचे मात्र टम्म फुगलेले, आणि एकावर तपकिरी डाग. अशा कॅपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवाने भिजलेला कागद अशी गुंडाळी असते. द्रव बिघडला की वायू होतो आणि तो डबी फुगवतो. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत असे सदोष कॅपॅसिटर अनेक यंत्रांत बसवले गेले होते. भाचीच्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच होते. दुबळ्या कॅपॅसिटरांमुळे नळ्यांना स्थिर वीज मिळेना, आणि काहीतरी चुकते आहे हे ओळखून आतील रक्षक योजना दोन क्षणांत दिवे बंद करीत होती.

मामा तडक पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले. जुन्यांवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट असे छापले होते. त्यांनी १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे तीन घेतले. पहिला आकडा तोच हवा, दुसरा थोडा मोठा असला तर चालतो. लहान मात्र चालत नाही. संध्याकाळी जुना डाख वितळवून त्यांनी नवे बसवले. पट्टा असलेली बाजू ऋण बाजूलाच आली आहे ना, हे दोनदा पाहिले. सारे पूर्ववत जोडून त्यांनी बटण दाबले.

पडदा उजळला. एक, दोन... काळोख!

मामांचा चेहरा पाहण्याजोगा झाला होता. त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. "तुमचा माल खोटा आहे. लोकांना फसवता तुम्ही!" पलीकडून शांत आवाज आला, "साहेब, दिव्यांच्या जोडण्या नीट बसल्यात का?" मामांनी उत्तर न देता फोन ठेवला.

रात्रभर तो प्रश्न त्यांच्या मनात घोळत असावा. शनिवारी सकाळी झाकण पुन्हा निघाले. प्रत्येक नळीची गुलाबी व पांढऱ्या तारांची जोडी आपापल्या खाचेत असायला हवी होती. भाची एकेक मोजू लागली. "मामा, ही चौथी थोडी वर आलीय."

चौथी जोडी अर्धीच बसली होती. चारांतली एक नळी पेटली नाही, तरी रक्षक योजना चारही बंद करते. लक्षण कालचेच, पण कारण नवे; आणि ते मामांच्या बोटांनी निर्माण केलेले! त्यांनी ती दाबली. बारीकसा टक् असा आवाज झाला. या वेळी पडदा उजळला तो उजळलाच. भाचीने मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजले.

"चूक माझी होती," मामा तिला म्हणाले, आणि बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत बसले.

रविवारी भंगारवाल्याला जुन्या वर्तमानपत्रांवरच समाधान मानावे लागले. सोमवारी मामा पुन्हा तपकीर गल्लीत गेले. आता काहीच विकत घ्यायचे नव्हते. ते परतले तेव्हा भाची दारातच उभी होती. "काय म्हणाले हो दुकानदार?"

मामांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि मग म्हणाले, "चहा पाजला त्यांनी."