वाळवण

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर हिवाळा आला, की बोंबलांच्या वासानेच त्याची ओळख पटते. बांबूंच्या वलांड्यांवर टांगलेले बोंबील उन्हावाऱ्यात वाळत राहतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा घराला हेच वाळवण तारते. ‘बचत’ हा शब्द मी फार पुढे पुस्तकात वाचला. ती गोष्ट मात्र अंगणात आधीच पाहिली होती.

आई मासळीची पाटी घेऊन सफाळ्याच्या बाजारात जाई. परतल्यावर बर्फाचे आणि गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यातली एखादी नोट ती तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवी. वडिलांनी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बाद झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिने तो डबा माझ्यासमोर उपडा केला. पाचशेच्या ८१ नोटा, म्हणजे ४०,५०० रुपये. तिच्या नावाचे खाते नव्हते. मी रांगेत उभा राहून सारी रक्कम माझ्या खात्यात भरली आणि पासबुक दाखवीत म्हणालो, “बघ आई, एक रुपयाही बुडाला नाही.”

ती शांतपणे म्हणाली, “पैसे राहिले रे बाबा, पण आता ते तुझ्याकडे मागायला लागतील.”

मी निरुत्तर झालो. मला केवळ हिशेब दिसत होता. डब्यातल्या पैशाची किंमत दरवर्षी घटते, हे मी तिला अनेकदा समजावले होते. भाववाढ वर्षाला ६ टक्के धरली, तर सुमारे १२ वर्षांत तेवढ्याच पैशांत निम्मीच वस्तू येते. ओल लागलेल्या वाळवणासारखी ती शिल्लक आतून खराब होत जाते. माझे म्हणणे खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. आईने त्या डब्यात केवळ पैसा नव्हे, तर न मागता जगण्याचा हक्क साठवला होता. पुढच्याच आठवड्यात मी तिच्या नावाने खाते उघडून दिले.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीतून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, तेव्हा ही आठवण उपयोगी पडली. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम घरखर्चाला पुरणारी नव्हती. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती आली, तशा घरातल्या गरजाही एकदम बोलू लागल्या. मी सहा महिन्यांचा खर्च बँकेत हाताशी ठेवला आणि मोठा वाटा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत गुंतवला. तोही पत्नीच्या नावाने. मुलाला ते थोडे लागले. पण माझ्यामागे तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, असे मला वाटले.

बंदीचे दोन महिने संपतात आणि होड्या पुन्हा समुद्रात जातात. म्हातारपणाच्या पावसाळ्याला अशी ठरलेली तारीख नसते. म्हणून त्याचे वाळवण अधिक लागते, आणि ते ज्याचे त्याच्या हाती असावे लागते.

आईचे पासबुक आजही तांदळाच्या डब्यातच असते.