विसरत विसरत वाचताना

जाड पुस्तक वाचून संपवलं की पहिल्या शंभर पानांतलं मला फार थोडं सांगता येतं. नावं निसटलेली असतात, कोण कुणाचा मेहुणा हे पुसट झालेलं असतं, एखादा प्रसंग आठवतो पण तो कुठल्या प्रकरणात होता ते सांगता येत नाही. एका बैठकीत संपणाऱ्या कथेचं असं होत नाही, ती सबंध मनात राहते. या विसरण्याची मला बरीच वर्षं खंत वाटत असे. मोठ्या पुस्तकांकडे पाठ फिरवणारेही हेच विचारतात, की दोन-दोन महिने घालवायचे आणि शेवटी लक्षात किती राहणार? आज माझं मत निराळं आहे. थोर लांब पुस्तकांना आपण विसरणार हे ठाऊक असतं. आपल्या विसरण्यावरच त्यांची मोठी मदार असते, आणि छोट्या पुस्तकाला कितीही केलं तरी न साधणारी एक गोष्ट त्यांना त्यामुळेच साधते.

आधी साधा हिशेब. बाराशे पानांचं पुस्तक रोज वीस पानं वाचलं तर साठ दिवस लागतात. त्या साठ दिवसांत पावसाळा सरतो, घरात कुणाचं तरी दुखणंखुपणं येऊन जातं, आपण चार माणसांशी भांडतो आणि त्यांतल्या तिघांशी पुन्हा बोलायला लागतो. पुस्तक या सगळ्याच्या मधून वाट काढत असतं. हाताला ते रोज वेगळं लागतं. सुरुवातीला सगळा भार उजव्या हातावर असतो, डाव्या अंगठ्याखाली जेमतेम चार पानं. पडून वाचायला गेलं की मनगट भरून येतं. मधोमध पोचलं की पुस्तक हात न लावता उघडं राहतं, जेवतानाही ताटाशेजारी ठेवता येतं. शेवटी उजवीकडचा थर इतका पातळ होतो की वेग आपोआप मंदावतो, कारण रोजची सोबत सुटणार हे बोटांना कळलेलं असतं. इतक्या दिवसांत पात्रांच्या आयुष्यात जसा काळ जातो तसा वाचणाऱ्याच्याही जातो, आणि दोघंही मधल्या काळात काही ना काही विसरतात.

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधली एक जागा मी याचा पुरावा म्हणून पुढे करीन. 1812 साल, बोरोदिनोची लढाई. जबर जखमी झालेला प्रिन्स आंद्रेई इस्पितळाच्या तंबूत पडला आहे. शेजारच्या टेबलावर एका माणसाचा पाय कापला जातो आणि तो माणूस हुंदके देऊन रडतो. आंद्रेई त्याला ओळखतो. तो आनातोल कुरागिन. पण या माणसाचा आपल्याशी नेमका संबंध काय, हे त्याला क्षणभर उमगतच नाही. ज्याने नताशाला पळवून नेण्याचा घाट घातला, ज्याच्यामुळे आंद्रेईचं तिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं, ज्याला गाठायचं म्हणून आंद्रेई धुमसत होता, तोच हा. मग त्याला 1810 मधल्या नृत्याच्या रात्रीची नताशा आठवते आणि सगळं एकदम परत येतं. त्या पळवापळवीच्या बेतापासून या तंबूपर्यंत मध्ये साठेक प्रकरणं गेलेली असतात. सैन्यं हलली, शहरं पडली, आंद्रेईचा म्हातारा बाप बोल्कोन्स्की गेला. वाचणाराही तोवर आनातोलला विसरलेला असतो. आंद्रेई चाचपडतो त्याच घटकेला आपणही चाचपडतो, आणि त्याचा राग ज्या क्षणी गळून पडतो त्याच क्षणी आपल्याही लक्षात येतं की आपला राग कधीच विरला होता. साठ प्रकरणांच्या जागी सहा पानं असती तर आंद्रेईची क्षमा ही लेखकाने सांगितलेली, आपण ऐकून घेतलेली गोष्ट ठरली असती.

महाभारताने हेच उलट्या बाजूने साधलं आहे. तिथे पात्रांना माहीत नसलेली गोष्ट आपल्याला वागवावी लागते. कर्ण कुंतीचा मुलगा, हे वाचणाऱ्याला आदिपर्वातच कळतं. कर्णाला ते उद्योगपर्वात, युद्ध तोंडावर आल्यावर समजतं. युधिष्ठिराला कुंती ते सांगते तेव्हा स्त्रीपर्व चालू असतं, सगळं संपलेलं असतं आणि मेलेल्यांना पाणी द्यायचं उरलेलं असतं. मधल्या पर्वांत हे गुपित आपण अनेकदा विसरतो, मध्येच दचकून आठवतो, पुन्हा विसरतो. वर्षानुवर्षं एखादी गोष्ट मनात ठेवणाऱ्या माणसाचं असंच होत असणार. कुंतीचं ओझं कळायचं तर ते थोडं तरी वाहून पाहावं लागतं. मग येतं शांतिपर्व, सगळ्या पर्वांत मोठं, आणि बहुतेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. लढाई संपली, आता एवढा उपदेश कशाला, असं त्यांना वाटतं. पण राज्य नको म्हणून बसलेल्या माणसाची समजूत घालायला वेळ लागतो. आपल्याकडे एखाद्या घरात मोठा घात झाला की बोलणारे येत राहतात, तेच तेच सांगत राहतात, आणि ऐकणाऱ्याच्या आत फार हळू काहीतरी हलतं. त्या पर्वाची लांबी मला तशी वाटते.

यावर कुणी म्हणेल की महाभारत लांब झालं ते नंतरच्यांनी भर घातल्यामुळे. भर पडली हे खरंच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षं 1,259 हस्तलिखितं ताडून पाहिली आणि मागाहून शिरलेलं बाजूला काढून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एवढी चाळणी लावल्यावरही ग्रंथ प्रचंडच राहिला आणि शांतिपर्व सगळ्यांत मोठंच राहिलं. तरीही आक्षेपातला गाभा मी मान्य करते. निव्वळ फुगलेली पुस्तकं पुष्कळ असतात. ऐतिहासिक कादंबरीच्या नावाखाली पानपानभर दागिने, तलवारी आणि सूर्यास्त वाचायला लागले की मी पानं उलटते आणि त्याचं मला काही वाटत नाही. फरक ओळखायची माझी रीत साधी आहे. पाचशेव्या पानावर पन्नासावं पान अर्धवट आठवावं लागतं का? लागत असेल तर मधली पानं काम करत होती. नेमाड्यांच्या ‘हिंदू’वर 2010 मध्ये ती आली तेव्हापासून पसाऱ्याचा आरोप होत आला आहे. पण ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ हे तिचं उपशीर्षकच आहे. खंडेरावाच्या डोक्यात नातलग, शेतं, जातीपाती, ऐकीव गोष्टी एकमेकींवर रचल्या आहेत, आणि माळ्यावर चढलेल्या माणसासारखे आपण एक वस्तू शोधायला जातो आणि दुसरीच हाताला लागते. ती अडगळ झाडून कादंबरी निम्मी केली तर खंडेराव शिल्लक राहणार नाही.

सारांशाचा मुद्दाही वारंवार येतो. इरावतीबाईंचं ‘युगान्त’, दुर्गाबाईंचं ‘व्यासपर्व’ ही लहानखुरी पुस्तकं महाभारताबद्दल केवढं देतात, मग मुळाकडे कशाला जायचं? ही दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत, पण ती सारांश नव्हेत. मोठ्या ग्रंथाशी दीर्घ सहवास केलेल्या दोघी बाया त्याच्याबद्दल बोलत आहेत, आणि आपणही थोडं राहून आलो असलो तर ते बोलणं अधिक कळतं. प्रूस्तच्या सात खंडांच्या कादंबरीचं तर फार वाईट होतं. चहात बुडवलेल्या केकचा पहिल्या खंडातला प्रसंग न वाचणाऱ्यांनाही ठाऊक असतो. सातव्या खंडात निवेदक खूप वर्षांनी एका मेजवानीला जातो आणि ओळखीची माणसं त्याला ओळखू येत नाहीत. सगळ्यांनी पांढरे केस लावून सोंगं घेतली आहेत असं त्याला वाटतं. सहा खंड मागे टाकून आलेल्या वाचकालाच त्या दिवाणखान्यात निवेदकाइतकं गोंधळायला होतं.

लांब वाचनाची ही तऱ्हा आपल्याला परकी मुळीच नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचणारे त्या पाठ झाल्या का, असं कधी स्वतःला विचारत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा पारायण असतंच. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली, म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनी यमूचे हाल हप्त्याहप्त्याने, मधल्या दिवसांत आपापला संसार करत सोसले.

‘युद्ध आणि शांती’ची कथा संपते ती 1820 मध्ये, एका मुलाच्या झोपेत. आंद्रेईचा मुलगा निकोलेन्का आता चौदा-पंधरा वर्षांचा आहे. त्याला स्वप्नात वडील जाणवतात, पण त्यांना चेहरा नसतो, आकार नसतो. घरात त्यांच्या दोन चांगल्या तसबिरी आहेत, तरीही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र आंद्रेई एव्हाना अर्धामुर्धा का होईना शिल्लक असतो: नृत्याच्या रात्रीचा, तंबूतला, शेजारच्या टेबलाकडे बघणारा.