माहूरचा बेत

मुदखेड म्हणजे जंक्शन. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रुळांना इथे आदिलाबादचा फाटा फुटतो. त्यामुळे आमच्याकडे सहलीचा विषय निघाला की पहिला वाद हाच, जायचं कुठल्या बाजूला? उमरी, धर्माबादवरून गेलं तर बासरची सरस्वती. भोकर, हिमायतनगरवरून गेलं तर सहस्रकुंड, किनवट आणि किनवटहून पुढे मोटारीने माहूर.

गेल्या दिवाळीत ह्यांना तीन दिवसांची रजा होती. एका बैठकीत ह्यांनी यादी केली. माहूरची रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, किल्ला, उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं, सहस्रकुंड आणि शेवटी बासर! "तीन दिवसांत सहज उरकेल," म्हणाले. उरकायची ती धुणीभांडी. सहल कशी उरकायची?

यादी ऐकून सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर बघते." साडेतीन पीठांतलं माहूर, त्यात रेणुका आमची कुलस्वामिनी. मामंजी गेल्यापासून सासूबाईंचं दर्शन झालं नव्हतं. घर बघायची हौस कुठून आली, ते त्यांचे गुडघे सांगत होते.

"अहो, या वेळचा बेत मी करते," मी म्हटलं आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसले. वर कुठल्या गावाचं नाव लिहिलंच नाही. लिहिलं, "आई सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्या चढणार." बाकी सगळं त्याभोवती बसवलं. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम माहूरलाच. नवरात्राची आणि दत्तजयंतीची गर्दी नको, म्हणून भाऊबीज झाल्यावरचे दिवस. बाकीची शिखरं दुपारून, ज्यांचे पाय धड त्यांनी. उनकेश्वर खोडलं. बासरही खोडलं, ते पडतं उलट्या दिशेला. ह्यांचा चेहरा पडला, पण पेन माझ्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी येतानाच्या वाटेवर मी माझी एक ओळ घातली : "सहस्रकुंड. दोन तास. डबा उघडायचा नाही."

"मग खायचं काय?" मुलांनी विचारलं.

"जेवण आधी खानावळीत. तिथे मी नुसती बसणार."

आपण बायका सहलीला निघतो ते स्वयंपाकघर पिशवीत घालूनच. मी पहिल्या दिवसापुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. बस्स.

माहूरला सासूबाई दर आठ-दहा पायऱ्यांनी टेकत होत्या. कुणी "चला, चला" केलं नाही. दिवसभरात दुसरीकडे पोचायचंच नव्हतं ना! दर्शन झालं. देवीचा कुटलेला तांबूल हातावर मिळाला. दात नसलेल्या तोंडात तो घोळवत त्या म्हणाल्या, "कुटून देते गं माय. तिला ठाऊक आहे." ह्यांनी मान फिरवून डोळे पुसले.

सहस्रकुंडला पैनगंगेचं पाणी पावसाळ्याइतकं नव्हतं, तरी काळ्या खडकांवरून धारा कोसळत होत्या. मुलं ह्यांच्याकडे होती. मी आणि सासूबाई काठापासून लांब, सावलीत बसलो. दोन तासांत आम्ही चार वाक्यं बोललो असू.

मैत्रिणींनो, बेत कागदावर घ्याल तेव्हा घरातल्या सर्वांत थकल्या माणसापासून सुरुवात करा. दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. आणि एक ओळ स्वतःची लिहा, ती शेवटपर्यंत खोडू नका. बाकी खोडलेलं काही पळून जात नाही. बासरला आम्ही पुढे माघात सकाळच्या गाडीने जाऊन आलो आणि रात्रीचा भात घरीच टाकला.