शीळफाट्याची थंडी आणि चेंडूंचा हौद

थंडीत लहान पोरांना खेळायला न्यावं तरी कुठं, हा शीळफाट्याच्या प्रत्येक आईचा प्रश्न. कल्याण-शीळ रस्ता इथं मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. उरणच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इथूनच जातात. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही. धूळ-धूर खालीच कोंडतो. पोरं खोकतात.

म्हणून एका रविवारी नातवंडांना घेऊन आम्ही जवळच्या एका मॉलमधल्या खेळघरात गेलो. चेंडूंनी भरलेला हौद, घसरगुंड्या, जाळीच्या शिड्या! पोरं हरखली. तिकीट मात्र तासावर, दर मुलामागे. सोबतच्या मोठ्या माणसाचं वेगळं. मोजे सक्तीचे आणि आमची पोरं चपलांत, तेही तिथंच विकत घेतले. घरची चपाती-भाजी दाराशी ठेवावी लागली. सूनबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि गप्प बसल्या. त्यांची दिवसाची मजुरी गेली होती.

बंधू-भगिनींनो, जायचंच तर आधी दर विचारून जा; बऱ्याच ठिकाणी रविवारपेक्षा मधल्या वारी कमी असतो. खोकणारं पोर नेऊ नका, चेंडू सगळ्यांच्या तोंडी लागतात. आणि आपल्या समाजमंदिराचा हॉल दुपारी रिकामाच असतो ना? चार सतरंज्या, थोडे चेंडू, दोन आया लक्ष ठेवायला, एवढ्यात काम भागेल. मी वस्तीच्या बैठकीत विषय काढणार आहे.

तास संपला तरी नात हौदातून निघेना. दारावरच्या मुलीनं घड्याळाकडं पाहिलं, मग दुसरीकडं. आणखी दहा मिनिटं मिळाली.