घरातील पाण्याची वाट

आपल्या घरी पाणी कोठून येते, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु घरात शिरलेले पाणी अडवावयाचे झाल्यास कोणती चावी फिरवावी लागते, हे किती जणांना सांगता येईल? वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी एकदा उठून ती चावी पाहून यावी, अशी माझी विनंती आहे. न सापडल्यास संकोच नको. मी ज्या घरांत हा प्रश्न विचारला, तेथे बहुधा ‘प्लंबरला विचारावे लागेल’ हेच उत्तर मिळाले.

मी राहते ते येलहंका बेंगळुरूच्या उत्तरेस आहे. १५३७ साली बेंगळुरू वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्याच प्रभुघराण्यातील. त्या काळी गावाची तहान तळ्यांवर भागत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, येथून पश्चिमेस असलेल्या हेसरघट्टा तलावाचे पाणी शहरात नळाने येऊ लागले, आणि १९७४ साली कावेरी आली. ही कावेरी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून, सुमारे ५०० मीटर उंची पंपांच्या बळावर चढून येते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास आणलेले पाणी उताराने आपले आपण वाहत येई. बेंगळुरूत मात्र तांब्याभर पाण्यामागेही वीज खर्ची पडते. जेथे कावेरी पुरत नाही तेथे विंधन विहीर, आणि तीही आटली की टँकर.

घरापर्यंत आल्यावर पाण्याचा प्रवास पुन्हा चढणीचाच असतो. अंगणातील जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे येथील भाषेत ‘संपा’त, ते साठते, मोटार ते गच्चीवरील टाकीत चढविते, आणि तेथून ते नळांनी खाली उतरते. एखाद्या रविवारी घरातील लहानथोरांनी ही सारी वाट पायी चालून पाहावी. टाकीच्या तळाशी एक मोठी चावी असते, पुढे फाटे फुटतात त्या ठिकाणी आणखी काही, आणि अगदी शेवटी प्रत्येक बेसिनखाली व फ्लशच्या टाकीजवळ एकेक छोटी. या फेरीत आणखी एक कोडे सुटते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वाढतो. तेव्हा टाकीच्या लगतखाली असलेल्या वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात धार बारीक येते, हा प्लंबरचा दोष नव्हे. तेथे कितीही महागडा शॉवर बसविला तरी फारसा फरक पडावयाचा नाही.

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूतील टंचाई इतकी तीव्र झाली, की पिण्याच्या पाण्याने वाहने धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. त्याच दिवसांत एका दुपारी, शेजारच्या अज्जींच्या घरी बेसिनखालची जोडनळी फुटली. अज्जींनी सत्तरी ओलांडलेली, घरात त्या एकट्याच. बेसिनखालची चावी वर्षानुवर्षे कोणी न फिरविल्यामुळे दगडासारखी घट्ट बसलेली. गच्चीवरच्या चाव्यांची तर त्यांना वार्ताच नव्हती. त्यांनी प्लंबरला फोन केला, मुलाला केला, आणि मग फुटलेल्या नळीला जुनी साडी गुंडाळून ती दोन्ही हातांनी दाबून त्या ओल्या फरशीवर बसून राहिल्या. मी पोचले तेव्हा पाणी दिवाणखान्यात आले होते. गच्चीवर चार चाव्या ओळीने दिसल्या. कोणती कशाची याचा विचार न करता मी चारही बंद केल्या. आदल्याच दिवशी टँकरने विकत घेतलेले पाणी तोवर बहुतेक वाहून गेले होते.

पाण्याच्या पैशांबद्दल त्या फारसे बोलल्या नाहीत. स्वतःच्या घरात आपल्याला काहीच ठाऊक नाही, याचेच त्यांना अधिक लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एकेक चावी बंद करून कोणता नळ थांबतो ते पाहिले, आणि प्रत्येकीवर निराळ्या रंगाचा दोरा बांधला.

चाव्या अशा घट्ट का बसतात? विंधन विहिरीचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यातील चुन्याचे क्षार जेथे जागा मिळेल तेथे जमतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक चावी पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी. शॉवरची भोके बुजल्यास तो काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा. आम्लाने हा थर विरघळतो.

आता गळक्या तोटीविषयी. तिच्याखाली भांडे ठेवून घड्याळ पाहावे. तासाभरात लिटर भरत असेल, तर दिवसाला २४ आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेले. दोन-तीन वेढे फिरवाव्या लागणाऱ्या जुन्या धर्तीच्या तोटीत दोष बहुधा रबरी वायसरचा असतो. प्रथम त्या नळाची चावी बंद करावी, तोटी उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे, आणि मोरीच्या जाळीवर फडके घालावे, कारण निसटलेला स्क्रू नेमका तेथेच जावयाचा! मग मूठ काढून पान्याने आतील दांडा सोडवावा व त्याच्या टोकाचा वायसर बदलावा. वायसर ज्यावर टेकतो ती धातूची कडा झिजून खडबडीत झाली असेल, तर मात्र नवा वायसरही टिकणार नाही. पाव वेढ्यात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत वायसरऐवजी चिनी मातीच्या चकत्यांचा गाभा असतो. तो अखंडच बदलावा लागतो. तोटीच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन फीत गुंडाळताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, नाहीतर तोटी आवळताना उलगडते.

दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्यावा. येथील दुकानदार तोटीला ‘नल्ली’ म्हणतो; आपल्या ‘नळी’ची ती बहीण ओळखू येते, त्यामुळे माझे कधी अडले नाही. ‘प्लंबर’ हा शब्द मात्र शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला. त्याला चांगला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा नाद मी, भाषांतराचा व्यवसाय असूनही, सोडून दिला आहे.

फ्लशची गळती कानांना ऐकू येत नाही. तिच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर तळाचे रबर बदलावयास हवे.

परंतु मोटारीची जोडणी व विजेचा गीझर यांना आपण हात लावू नये, आणि साफसफाईसाठी संपात तर कधीच उतरू नये वा कोणास उतरवू नये. बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी पडून माणसे दगावली आहेत.

मे महिन्यात आपल्यापैकी पुष्कळ जण महिनाभर गावी जातात, आणि परतल्यावर दार उघडताच दुर्गंधी येते. मोरीच्या जाळीखालील वाकड्या नळीत एरवी पाणी साचून असते व ते गटारातील वायूला अडविते. उन्हाळ्यात ते आटून जाते. आल्याबरोबर तेथे तांब्याभर पाणी ओतावे. निघण्यापूर्वीच त्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडले, तर ते सहसा लवकर आटत नाही.